बारवेतला नारू

आमच्या गावात पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या माणसाला नारू म्हणजे काय ते ठाऊक नाही. ठाऊक नाही हे चांगलंच आहे. पण साठीच्या पुढचा माणूस पारावर गाठा आणि त्याला नारूचं विचारा. तो काही बोलायच्या आधी धोतर नाहीतर पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेईल आणि पोटरीवरचा, घोट्यावरचा रुपयाएवढा पांढरा वण दाखवील. कुणाला एक, कुणाला तीन-चार. माझ्या स्वतःच्या डाव्या घोट्यावर एक आहे. आमच्या पिढीच्या अंगावर देवीच्या लसीचे वण दंडावर आणि नारूचे वण पायावर. दंडावरचे सरकारनं दिले. पायावरचे आमच्या बारवेनं दिले.

बारवेनं दिले, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत होतो. पण ते खरं नाही. ते कुणी दिले हे कळायला मला चोवीस वर्षांचं व्हावं लागलं.

आमचं गाव मराठवाड्यातलं, बालाघाटाच्या उतरणीवरचं. जमीन मुरमाड, नदी नाही, ओढा दिवाळीपर्यंत वाहिला तर वाहिला. गावाला पाणी म्हणजे बारव. ती कुणी बांधली हे कुणालाच सांगता यायचं नाही. म्हातारी माणसं म्हणत, पांडवांनी एका रात्रीत बांधली. मराठवाड्यात जे काही जुनं आणि दगडाचं आहे ते पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं. चौकोनी बारव, काळ्या दगडाची. दोन कोनाडे, एकात शेंदूर फासलेला दगड. पूर्वेच्या बाजूनं खाली एकवीस पायऱ्या. पावसाळ्यात पाणी वरून पाचव्या-सहाव्या पायरीला लागायचं. होळीनंतर ते खाली खाली जायचं आणि वैशाखात शेवटच्या दोन-तीन पायऱ्याच पाण्यात राहायच्या. बायका चुंबळ डोक्यावर ठेवून खाली उतरायच्या, पदर खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या, हातानं वरचा केरकचरा सारायच्या आणि घागर बुडवायच्या. शेतावरून आलेला गडी तिथंच पाय धुवायचा, चूळ भरायचा, ओंजळीनं पाणी प्यायचा. उन्हातून आल्यावर बारवेत पाय सोडून बसण्यासारखं सुख नव्हतं. थंडगार, सावली, वर पिंपळ.

हे सुख सगळ्यांना नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. तेव्हा ज्याला महारवाडा आणि मांगवाडा म्हणत, तिथल्या माणसांनी बारवेची पहिली पायरीसुद्धा उतरायची नाही, असा रिवाज होता. त्या बायका वरच्या कठड्याशी रिकामी घागर ठेवून बसायच्या. वर येणाऱ्या बाईला दया आली तर ती आपल्या घागरीतलं वरून त्यांच्या घागरीत ओतायची. दया यायला कधी घटका लागायची, कधी दुपार. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते 1927 साली. मी सांगतोय ते त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, 1971 चं. आमच्या बारवेला 1927 साल अजून आलेलं नव्हतं.

नारूचा हंगाम ठरलेला असायचा. वैशाख-ज्येष्ठ. नांगरट झालेली, कुळवाच्या पाळ्या चाललेल्या, आभाळाकडं डोळे लागलेले आणि नेमक्या त्या वेळी माणूस पडायचा. आधी अंगाला खाज, पित्त उठल्यासारख्या गांधी, थोडा ताप. मग पायावर कुठंतरी फोड. फोडाची आग इतकी की माणूस आडवातिडवा लोळायचा. गार पाण्यात पाय घातला की जरा बरं वाटायचं. दोन-चार दिवसांनी फोड फुटायचा आणि आत पांढरा दोरा दिसायचा. शिवणाच्या दोऱ्यापेक्षा जाड, शेवयासारखा. तो नारू. तो ओढून काढता यायचा नाही. काडीला गुंडाळत रोज बोटभर, कधी दोन बोटं, असा बाहेर घ्यायचा. हातभर, कधी त्याहून लांब निघायचा. पंधरा दिवस, महिना, कधी दोन महिने. तोवर माणूस ओसरीवर. मृग निघून जायचा, वापसा जायचा आणि काडी बांधलेला पाय खाटेवर.

उपाय किती करायचे! एरंडाचं पान गरम करून बांध, कांदा ठेचून बांध, गुळातून हिंग खा, बिब्बा घाल. वैदू आला की तुंबडी लावायचा. कुणी देवीला नवस बोलायचं. यातल्या कशानंही नारू मरत नव्हता. कामाला येत होती ती फक्त काडी आणि सबुरी. सबुरी हा शब्द मी मुद्दाम लिहितोय, कारण माझ्याकडं ती नव्हती.

1971 च्या वैशाखात दादाला नारू निघाला. दादा म्हणजे माझे वडील. मी अकरा वर्षांचा. उजव्या गुडघ्याच्या जरा खाली, आतल्या बाजूला फोड आला. दादा माणूस तालमीतला, दुखणं बोलून दाखवायचा नाही. फोडाची आग व्हायला लागली की तो उठायचा, लंगडत बारवेवर जायचा आणि पाय पाण्यात सोडून बसायचा. बरोबर मी. मी वर चिंचोके खेळायचो, तो खाली बसायचा. एके दिवशी तिथंच फोड फुटला. दादा म्हणाला, “फुटला बघ. आता आग कमी झाली.” मी वाकून बघितलं, तर पायाभोवती पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसं पांढुरकं काहीतरी पसरत होतं. क्षणभर दिसलं आणि पाण्यात मिसळून गेलं. शेजारी एक चुलती घागर भरत होती. तिनं पाणी जरा हलवलं आणि घागर बुडवली.

काडी माझ्या आजीनं बांधली. तुरीची सोललेली काडी, त्यावर नारूचं टोक गुंडाळलेलं, वर चिंधी. रोज संध्याकाळी ती कोमट पाणी सोडून एक वेढा द्यायची. बाराव्या-तेराव्या दिवशी आजी माहेरच्या लग्नाला गेली. दादाला झोप लागली होती. मी काडीकडं बघत बसलो होतो. मला वाटलं, ही म्हातारी उगाच रोज एक वेढा देते. एकदम काढून टाकला तर दादा उद्या औतावर जाईल. मी काडी धरली आणि फिरवली. एक वेढा आला. दुसरा आला. तिसऱ्याला हाताला हलकं लागलं. काडी मोकळी झाली होती. उरलेला नारू रबर ताणून सोडावं तसा आत गेला.

दादानं मला मारलं नाही. डोळे उघडून काडीकडं बघितलं आणि म्हणाला, “तुटला व्हय? असू दे.”

नारू तुटला की काय होतं ते नंतर वाचलं. तुटलेला भाग आत आक्रसतो, त्यातलं सगळं मांसात सांडतं आणि पू धरतो. तेव्हा आम्हाला फक्त दिसलं ते एवढंच : चौथ्या दिवशी गुडघा भोपळ्यासारखा सुजला, दादा तापानं बरळायला लागला. बैलगाडीत कडबा अंथरून तालुक्याच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी चिरा देऊन तांब्याभर पू काढला, इंजेक्शनं दिली. धनुर्वात झाला नाही, म्हणून दादा वाचला. पण गुडघा आखडला तो कायमचा. पुढं त्रेचाळीस वर्षं दादा जेवायला बसला तो उजवा पाय सरळ पसरूनच. त्या साली आमची पेरणी बटईनं गेली. पुढच्या साली एक बैल विकला. 1976 ला मी दहावी पास झालो तेव्हा गुरुजी घरी आले होते, पोराला पुढं शिकवा म्हणाले. दादानं नुसतं पायाकडं बघितलं. गुरुजी चहा पिऊन गेले. औत मी हातात घेतलं. याचा दोष कुणाला देणार? काडी माझ्याच हातात होती.

पण मला सांगायचं आहे ते या पुढचं.

त्या वर्षी गावात नारू फार निघाले होते. आमच्या आळीत एकवीस माणसं पडून होती. मारुतीच्या देवळापुढं बैठक बसली. कुणीतरी म्हणालं, बारव बाटली. रात्री महारवाड्यातलं कुणीतरी पायऱ्या उतरून पाणी घेतं, म्हणून देवी कोपली आणि नारू आला. बघितलं कुणीच नव्हतं, पण हे सगळ्यांना पटलं. त्यांना वरून पाणी ओतणं बंद करायचं, असं ठरलं. आठ दिवस बंद होतं. दादाला खाटेवर घालून बैठकीला आणलं होतं. त्यानं मान हलवून होकार दिला. मी खाटेच्या पायाशी बसलो होतो. त्या आठ दिवसांत त्या बायका अडीच कोसांवरच्या डोहातून पाणी आणत होत्या.

दुसऱ्या वर्षी, 1972 च्या उन्हाळ्यात, माझ्या धाकट्या बहिणीला नारू निघाला. ती सात वर्षांची. मलाही निघाला, तोच हा घोट्यावरचा. त्या चुलतीला निघाला. आणि महारवाड्यातही आठ-दहा जणांना निघाला.

मग तो दुष्काळ आला. 1972 चा पाऊस गेलाच. गावातली धडधाकट माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीवर. 1973 च्या उन्हाळ्यात बारवेचा तळ दिसला. माझ्या आजीनंसुद्धा तो तळ जन्मात पहिल्यांदा बघितला. बारवेत पाणीच नाही म्हटल्यावर टँकर यायचा. त्याच सुमारास यंत्राची गाडी आली, जमिनीला भोक पाडलं आणि गावात पहिला हापसा बसला. हापशावरही रांगा दोनच होत्या, पण पाणी भुईतून थेट घागरीत पडत होतं. आणि एक नवल झालं. 1974 च्या वैशाखात गावात एकालाही नारू निघाला नाही. माणसं म्हणाली, दुष्काळानं देवीचा कोप भागला.

चार-पाच वर्षं बरी गेली. पण हापशाच्या पाण्याला लोखंडाचा वास यायचा, डाळ शिजायची नाही. बारव पुन्हा भरली होती, तिचं पाणी गोड. बायका परत बारवेवर जायला लागल्या. आणि दुसऱ्या गावाहून कुणाच्या तरी पायातून नारू परत आला.

1984 साली उन्हाळ्यात एक आरोग्यसेवक सायकलवर आला. नारू निर्मूलनाची देशभर मोहीम सुरू झाली होती. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू अशी सात राज्यं नारूची म्हणून धरली होती. त्या साली देशात मोजले ते रुग्ण चाळीस हजारांच्या आसपास, बारा हजारांवर गावांतले. आमचं गाव त्यातलं एक. पोरगा माझ्याच वयाचा होता. त्यानं शाळेच्या ओट्यावर माणसं जमवली, बारवेतलं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं आणि उन्हात धरलं. पाण्यात बारीक ठिपके उड्या मारत होते. मोहरीहूनही बारीक. त्यानं भिंग दिलं. मी बघितलं. त्याचं नाव त्यानं सायक्लॉप्स सांगितलं.

मग त्यानं नारूचा सगळा फेरा सांगितला. तो मी जसा ऐकला तसा लिहितो, कारण इतक्या सरळ शब्दांत आम्हाला तोवर कुणीच सांगितला नव्हता. नारूची मादी माणसाच्या कातड्याखाली फोड करते. माणूस आग होते म्हणून पाय पाण्यात घालतो. पाणी लागलं की मादी लाखो पिल्लं पाण्यात सोडते. ती पिल्लं हे ठिपके, म्हणजे सायक्लॉप्स, खातात. सायक्लॉप्सच्या पोटात दोन आठवड्यांत पिल्लं तयार होतात. माणूस ते पाणी पितो. पोटात सायक्लॉप्स मरतो, पिल्लू जगतं, आतडं भेदून अंगात शिरतं, वाढतं. वर्षभर माणसाला पत्ता नसतो. वर्षानंतर पुन्हा फोड. नारू हवेतून येत नाही, शिवल्यानं येत नाही, खाण्यातून येत नाही. नारूवाला पाय पाण्यात पडला आणि ते पाणी कुणी प्यालं, तरच येतो.

तो सांगत होता आणि मला 1971 ची बारव दिसत होती. दादाचा पाय, दुधासारखं पसरणारं पांढुरकं पाणी, चुलतीची घागर. वर्षानंतर बहीण, मी, चुलती. दुष्काळात नारू का गेला तेही कळलं. 1973 ला ज्यांना नारू निघाला त्यांना पाय घालायला बारवेत पाणीच नव्हतं. एक उन्हाळा पाणी चुकलं, तर नारूचा वंश बुडाला. देवीचा त्यात काही संबंध नव्हता.

आणि तिसरी गोष्ट कळली, ती मी त्या वेळी ओट्यावर बोललो नाही. महारवाड्यातलं माणूस पायरीच उतरत नव्हतं, तर त्याच्या पायाचा नारू बारवेत पडेल कसा? बारवेत पाय फक्त आमचे होते. ज्यांना आम्ही पाणी बाटवलं म्हणालो, त्या गावात पाणी न बाटवलेली तेवढीच माणसं होती.

मी बोललो नाही, पण एक म्हातारी बोलली. ती मागं, पायरीच्या खाली बसली होती. पन्नास वर्षं तिनं कठड्याशी घागर ठेवून वाट बघितली होती. ती उठली आणि आरोग्यसेवकाला म्हणाली, “साहेब, म्हंजी आमाला जो नारू झाला तो ह्यांच्या पायाचा? ह्यांनी वरून वतलेल्या पाण्यातून?”

पोरगा गप्प झाला. गाव गप्प झालं. त्यानं शेवटी “व्हय, मावशी” एवढंच म्हटलं.

दादा भिंतीला टेकून, पाय पसरून बसला होता. रात्री जेवताना तो आपणहून म्हणाला, “बैठकीच्या दिशी माझ्याच पायाला काडी व्हती.” बस, एवढंच. मी म्हणालो, “दादा, तव्हा कुणाला म्हाईत व्हतं?” तो म्हणाला, “म्हाईत नव्हतं, तर मान कशाला हलवली?” याला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही.

नंतर मी याविषयी मिळेल ते वाचत गेलो. तालुक्याच्या वाचनालयात, पोरांच्या पुस्तकांत. नारू जुना आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याला स्नायुक म्हटलंय. इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या औषधांच्या एका लिखाणात काडीला गुंडाळून काढायच्या किड्याचं वर्णन आहे, ते नारूचंच असं जाणकार मानतात. म्हणजे माझ्या आजीची काडी साडेतीन हजार वर्षांची. आणि सायक्लॉप्सचा फेरा कधी कळला? फेदचेंको नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं तुर्कस्तानच्या मुलखात तो 1870 साली शोधला. दादाचा नारू मी तोडला तो 1971 साली. जगाला कळलेली गोष्ट आमच्या बारवेपर्यंत यायला शंभरावर वर्षं लागली. ती शंभर वर्षं आधी आली असती तर काय लागलं असतं? एक फडकं. सुती फडकं दुहेरी करून घागरीच्या तोंडाला बांधलं की सायक्लॉप्स वर अडकतो. आमच्या बायकांकडं जुन्या लुगड्यांना तोटा नव्हता.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट मला ही वाटते की नारूला औषध कधीच निघालं नाही. आजही नाही. काही गोळ्यांनी सूज-ठणका उतरायचा, पण नारू मरायचा नाही. लसही नाही. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही. बाकीच्या जंतांचं तसं नाही. आज माझी नातवंडं शाळेत जंताची अल्बेंडाझोलची गोळी चघळून येतात. हत्तीपायाच्या गोळ्या आरोग्यसेविका दारात उभी राहून, डोळ्यादेखत गिळायला लावते. आयव्हरमेक्टिन शोधणाऱ्यांना 2015 साली नोबेल मिळालं, आफ्रिकेत नदीकाठच्या माणसांचे डोळे त्यानं वाचले. नारूच्या बाबतीत असं कुणाला काही देता आलं नाही. तिथं उपचार माणसावर नव्हता, पाण्यावर होता. आणि पाण्यावरचा उपचार एकट्याला करता येत नाही. सगळ्या गावानं एकदम करावा लागतो. एकानं जरी काडी बांधलेला पाय बारवेत घातला, तर पुढच्या वर्षी शंभर जण पडणार.

आमच्या गावात तो उपचार सरळ झाला नाही. आरोग्यसेवक बारवेत औषध टाकायला आला तेव्हा माणसं आडवी झाली. टेमेफॉस नावाचं ते औषध सायक्लॉप्स मारतं, माणसाला बाधत नाही, असं तो शपथेवर सांगत होता. “पाणी इखारी होईल”, “कोनाड्यातल्या देवीला चालायचं नाही”, असं चाललं. शेवटी त्यानं औषध टाकलेल्या पाण्यातलं तांब्याभर सगळ्यांसमोर स्वतः पिऊन दाखवलं. ज्यांच्या पायाला फोड होते त्यांची यादी केली, पट्ट्या बांधल्या, पाण्याच्या वाटेला जाऊ नका म्हणून रोज येऊन बजावलं. गाळायची फडकी वाटली. काही बायकांनी त्यात दही बांधलं, हेही खरं. पण पुष्कळ जणींनी पाणी गाळलं.

शेवटचं काम पायऱ्यांचं. पायऱ्यांची विहीर पोहऱ्याची करायची, म्हणजे पायऱ्यांचं तोंड भिंत घालून बंद करायचं, वर कठडा आणि रहाट बसवायचा. म्हणजे कुणाचाच पाय पाण्याला लागणार नाही. म्हाताऱ्यांना ते जिवावर आलं. पांडवांच्या पायऱ्या बुजवायच्या! पण भिंतीचं काम निघालं त्या दिवशी सकाळी दादा गेला आणि पहिल्या पायरीवर पाय पसरून बसला. हाताला लागतील ते दगड बसल्या जागेवरून गवंड्याला देत राहिला. दुपारपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याला बघून दोघे-चौघे आले, मग बरेच आले.

भिंत झाली आणि आणखी एक गोष्ट आपोआप झाली, जिच्यासाठी ती बांधलेली नव्हती. पायरीच उरली नाही म्हटल्यावर कोण उतरणार आणि कोण वर बसणार हा प्रश्न उरला नाही. पहिले काही महिने भांडणं झाली, पोहरा कुणाचा, दोर कुणाचा. मग प्रत्येकानं आपापला पोहरा आणला. एका सकाळी मी ती म्हातारी रहाटावर बघितली. ती स्वतः पाणी शेंदत होती. थरथरत्या हातानं दोर ओढत होती, पण कुणाची वाट बघत नव्हती. गावाला समज आली म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही. नारूच्या भीतीनं झालं.

1987 नंतर आमच्या गावात नारू निघाला नाही. देशातला शेवटचा रुग्ण राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात 1996 च्या जुलैमध्ये सापडला. त्यानंतर तीन वर्षांवर शोध घेऊन एकही सापडला नाही, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेनं 2000 च्या फेब्रुवारीत भारत नारूमुक्त झाल्याचं सांगितलं. ही बातमी पेपरात आतल्या पानावर चार ओळींची होती. मी ती दादाला वाचून दाखवली. तो म्हणाला, “पुन्ना वाच.” मी पुन्हा वाचली. आफ्रिकेत मात्र नारू अजून पुरता गेला नाही. 1986 साली जगात वर्षाला पस्तीस लाख माणसांना नारू व्हायचा असा अंदाज होता. 2023 साली साऱ्या जगात मिळून चौदा माणसं मोजली. पण चाड देशात तो आता कुत्र्यांत सापडतो, म्हणून शेवटचं टोक काही हाती येईना. शेवटचं टोक ओढताना घाई केली तर काय होतं ते मला विचारावं.

दादा 2014 साली गेला. मागच्या वर्षी गावातली तरुण पोरं माझ्याकडं आली. अलीकडं ठिकठिकाणी पोरं जुन्या बारवा साफ करतात, शिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावतात. चांगलं काम आहे. आमच्या पोरांनाही बारव उघडायची होती. ती म्हणाली, “आबा, ही मधली भिंत कुण्या अडाण्यानं घातली? एवढं सुंदर काम झाकून टाकलं.” त्या पोरांत भीमनगरचीही दोघं होती, त्या म्हातारीचा पणतू त्यातला एक.

मी त्यांना म्हणालो, भिंत जरूर पाडा. आता नळ आहे, बारवेचं पाणी कुणी पीत नाही. पण पाडायच्या आधी ती कुणी आणि कशासाठी घातली ते ऐकून घ्या. मग हे सगळं सांगितलं. माझ्या हातातल्या काडीचं सांगितलं. बैठकीचं सांगितलं, दादानं मान हलवली तेही सांगितलं. ते सांगताना मला त्या पणतूकडं बघवलं नाही. तो म्हणाला, “पणजीनं सांगितलं होतं आमच्या घरी. तुमच्याकडून ऐकायचं राहिलं होतं.”

आठ दिवसांनी भिंत निघाली. गाळ काढला, पायऱ्या धुतल्या. शिवरात्रीला दिवे लावले तेव्हा माझा हात धरून त्या पोरानं मला खाली नेलं. दादा पाय सोडून बसायचा ती पायरी मला बरोबर सापडली. कडेला दोराचे खाच पडलेले, मधोमध पाय घासून खोलगट झालेली. मी तिथं दिवा ठेवला. पोरगं शेजारच्या पायरीवर बसलं होतं.